डेअर, डी, डास

फाटकाच्या आत मी परदेशी.
बाहेर वरळी, बाहेर शहाळेवाला धर्मू,
आत बावीस खुंट्यांखाली सपातांचे बावीस जोड,
तेविसावा माझा.

कात्र्या मोजायच्या. पेन्सिलींना टोकं काढायची.
लेओनीचं नाक पुसायचं, पण आधी
तिलाच विचारायचं, पुसू का.
हे इथे शिकले.

लिंगं अजून चुकतात.
मुलगी म्हणजे डास, असं फ्राऊ लिंडनरनी सांगितलं तेव्हा
हसू दाबायला
खडू उचलायच्या निमित्तानं खाली वाकले.
तसं आमचं पोरगंही ‘ते’च की.

दहाला डब्याची सुट्टी, खिडकीत कावळा.
पावाच्या कडा कोण टाकतं, त्याला पाठ आहे.
"ती आली!" योनास ओरडतो.
"तो," मी.
"ती!" सगळा वर्ग.
त्यांच्यात कावळा बाई.

मार्चमध्ये योनासच्या खुंटीवरचं नाव निघालं,
बापाची बदली.
सपाता राहिल्या.

काल शाळा सुटल्यावर धर्मूच्या गाडीपाशी
मलईच्या तुकड्यावर टपून बसला होता एक.
"ये गं," मी म्हटलं.
धर्मूनं कोयता थांबवला,
मागे वळून पाहिलं
कुणी बाई उभी आहे का.