चार मिनिटं

सतरा नंबरचा मार्ग मला पाठ आहे,
थांब्यांनी नाही, संडासांनी.
शब्दाला लाजू नका.
मी नऊ वर्षं लाजले, काही उपयोग झाला नाही.

पहिला गोदीपाशी, वीस पेनीचं नाणं लागतं.
मग घोड्यांवर पैजा लावायच्या दुकानातला,
कडी मोडकी, एका पायानं दार धरायचं.
मग टेकडीच्या चढावर काहीच नाही.
सव्वा मैल नुसती घरं, घरांना पडदे,
आणि प्रत्येक पडद्याआड एकेक न्हाणीघर
माझं नसलेलं.

डंडीत डिसेंबरमध्ये साडेतीनलाच अंधारतं.
टे नदीवरून वारा तिरका शिरतो बसमध्ये.
मला पोटात आधीच कळलेलं असतं
आजचा दिवस कसला ते.

डेपोत कुणाला सांगितलं नव्हतं.
पोटातली गोष्ट पोटात ठेवावी,
ही आईची शिकवण.
पण हे पोट
काही ठेवून घेणाऱ्यातलं नाही.

फेब्रुवारीतला गुरुवार. एकतीस उतारू.
चढावर बस उभी केली, हँडब्रेक ओढला
आणि पळाले.
हिरवं दार. एक म्हातारी, हाताला पीठ.
तिनं काही विचारलं नाही, नुसतं बोट केलं:
जिन्यावर, डावीकडे.
परतले तेव्हा अकरा मिनिटं झालेली,
काचांवर वाफ,
आणि फार्कर नावाचे गृहस्थ
माझा बिल्ला नंबर वहीत उतरवून घेत होते.

दर आठव्या मंगळवारी मी इस्पितळात
निळ्या खुर्चीत बसते.
हातात सुई, वर पिशवी, थेंब थेंब दोन तास.
शेजारी टॉर्मड, पूर्वी आर्ब्रोथहून मासेमारीला जायचा.
पोटावरच्या पिशवीला त्यानं
आपल्या जुन्या तांडेलाचं नाव दिलंय,
"तोही असाच, चारचौघांत मधेच बोलायचा."
समोर झोफिया, एकोणीस वर्षांची.
परीक्षेत दाराजवळची जागा मागायला
तिला दोन वर्षं लागली.

त्या मंगळवारी मी तक्रारीचं पत्र मोठ्यानं वाचलं.
"चालक कोणतंही कारण न देता बस सोडून गेली."
टॉर्मड इतका हसला की नर्स धावत पंप बघायला आली.
मग मीही हसले, पोट धरून.
इतकी वर्षं ते धरत होते
दुसऱ्याच कामासाठी.
हसता हसता कधी रडायला लागले
ते मला कळलं नाही, त्यांना कळलं.
झोफिया म्हणाली, "कारण न देता म्हणतायत ना?
मग देऊ या कारण."
वहीचं पान फाडून तिनंच लिहिलं, पाच ओळी.
आजाराचं नाव पहिल्याच ओळीत,
न खोडता.

आतड्याची माणसं म्हणजे रक्ताची,
असं मी धरून चालले होते.

डेपोत वेळापत्रकं आखणारा ड्यूगल्ड
कुणाशी फारसा बोलत नाही.
पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"बघतो," म्हणाला.
मला वाटलं, संपलं.

मे महिन्यात नवं वेळापत्रक लागलं.
वाचनालय: येणार दहा बावीस.
सुटणार दहा सव्वीस.
खाली टीप नाही, काही नाही.
दार ढकललं की उजवीकडे, तळमजला,
साबणसुद्धा असतो.

उतारूंना वाटतं, रहदारीसाठी.
फार्कर घड्याळ बघत म्हणाले, "उगाच थांबते ही बस इथं."
मी म्हटलं, "उगाच नाही,"
आणि सांगितलं, सगळं, त्यांच्या तोंडावर.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
वही मात्र काढली नाही.

कधी चारही पुरत नाहीत.
सहाव्या आठवड्यानंतर औषध ओसरत जातं,
तेव्हा चढावर मी वेग जरासा कमी करते
हिरवं दार दिसेपर्यंत.
म्हातारीचं नाव अजून ठाऊक नाही.
नाताळात कार्ड टाकलं,
पाकिटावर नुसतं "हिरवं दार".
उत्तर आलं नाही.

जिन्यातला दिवा मात्र
माझ्या फेरीच्या वेळी
भर दिवसा चालू असतो.