समास

शाळेत पानाच्या डावीकडे
दोन बोटं समास सोडायला लावायच्या पेठेबाई.
तिथं काही लिहायचं नाही, म्हणायच्या,
ती जागा तुमची नाही, तपासणाऱ्याची.

आता त्याला मार्जिन म्हणतात
आणि माझं घर तेवढ्यात चालतं.

हर्णैत, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर,
बापाच्या बंद बर्फ-कारखान्याच्या ऑफिसात बसते मी.
पाटी तीच. पावसे आइस.
खाली बारीक अक्षरात चिकटवलंय:
वेबसाइट, होस्टिंग, ईमेल.
भिंतीतून अमोनिया अजून गेलेला नाही.
गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि विचारतं,
सर्व्हर कुठाय तुमचा?
तो ऐरोलीला आहे, भाड्याच्या कपाटात,
चोवीस तास एसीत.
म्हणजे घराण्यानं धंदा बदललेलाच नाही,
आम्ही अजून थंडाईच विकतो.

एकशे त्र्याण्णव साइटी.
कर्द्याचे होमस्टे, दोन काजूवाले,
आणि एक नमन मंडळ, ज्याला आपली साइट
फक्त शिमग्याच्या आठवड्यात आठवते.
साइटीमागं वर्षाला चोवीसशे.
साडेनऊशे डोमेनचे, सहाशे चाळीस कपाटाचे,
पॅनेलचं लायसन डॉलरात,
तिकडं कुणी शिंकलं की पडसं माझ्या वहीला.
राहिलेल्यात सायलीचा पगार, इन्व्हर्टरचं पाणी,
आणि रात्री दीडचा फोन:
ताई, साइट दिसत नाय, उद्या लाँग वीकेंड हाय.

दिवसाला तीन रुपये, अशी जाहिरात आली
एका मोठ्या कंपनीची. त्या वर्षी एकतीस जण गेले.
पुढच्या वर्षी नऊ परतले, मान खाली घालून,
तिकडं फोन यंत्र उचलतं म्हणे
आणि यंत्राला आंजर्ले माहीत नाही.

मग पुण्याचा एक मुलगा आला सल्ला द्यायला, आत्याच्या ओळखीचा.
लॅपटॉपवर आलेख चढवला माझा,
सुवर्णदुर्गाच्या भिंतीसारखा सरळ.
तीनशेनं दर वाढवा, म्हणाला. फोन बंद करा.
आणि ही मेलेली खाती उडवा आधी.
यातली पहिली गोष्ट मी केली.

मेलेल्यांच्या यादीत सर्वांत वर
इस्माईल परकार, इंजिनदुरुस्ती.
एकच पान. एक फोटो,
हात काळे, हसू तिरकं,
मागं कुणाची तरी उघडी पडलेली बोट.
जाऊन तीन वर्षं झाली.
पैसे कुणाकडे मागायचे? झुबेदाभाभींना
साइट म्हणजे काय तेच ठाऊक नाही.
आकडे मात्र बघितले मी त्या दिवशी.
रोज एक जण येतो. कुवेतहून,
तिकडच्या रात्री अकराच्या सुमाराला,
चाळीस सेकंद थांबतो.
काही दाबत नाही. जातो.

बापाच्या वहीत चार रकाने असत:
लाद्या, दर, जमा, आणि शेवटी वितळ.
कारखान्यापासून होडीपर्यंत पाऊण फर्लांग,
वैशाखात लादीमागं चार किलो वाटेत सांडायचे.
वितळ धरूनच भाव सांगायचा, बाय,
आणि ती खलाशाच्या माथी मारायची नाही.
दुसरं वाक्य त्याला महाग पडलं.
कंप्रेसर भंगारात गेला तेव्हा
तो बंदरावर लिलाव बघत उभा होता,
जणू भाव दुसऱ्याच कशाचा लागतोय.

मी एक्सेलमध्ये रकाना वाढवलाय.
परकार, साडेनऊशे अधिक सहाशे चाळीस.
नमन मंडळाचे थकलेले.
आणि त्या दीडच्या फोनांचे,
ज्यांना दर लावता येत नाही.

मार्चअखेर सीए खोपकर चष्मा वर करतात.
हे वितळ काय आहे?
बर्फ, मी म्हणते.
ते बाहेरच्या पाटीकडे बघतात,
माझ्याकडे बघतात,
आणि समासात पेन्सिलीनं लिहितात:
किरकोळ.