आता धूर निघणार नाही

कौन्सिलचं पत्र आलं मंगळवारी,
सुबक, सभ्य, तीन परिच्छेदांत:
आपला विभाग धूर-नियंत्रित आहे,
आपल्या धुराड्याबद्दल तक्रार आहे.
कुणी केली, लिहिलं नव्हतं.
मी विचारलंही नाही.
भिंतीपलीकडे इल्वाद रात्री खोकते,
सहा वर्षांची. तिच्या पंपाची फुस्स
माझ्या उशीपर्यंत ऐकू येते.

शेफील्डची ही चढण,
एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी
विटांची घरं.
आई म्हणायची, धूर आहे तर पगार आहे.
एका सोमवारी दोरीवरचे कपडे
पांढरेशुभ्र वाळले, तेव्हा ती घाबरली:
भट्ट्या बंद होत्या, संप.
मी स्वतः वीस वर्षं सुऱ्या-काट्यांना झिलई दिली.
नाकातून काळं निघायचं.
शुक्रवारी नाचाला जाण्याआधी
आम्ही पोरी ते हसत हसत पुसायचो.

तर, शेगडी.
भाचा ग्रेनव्हिल घेऊन गेला दुकानात.
तिथे आगी ओळीने बसवलेल्या, काचेमागे,
शाळेच्या फोटोतल्या मुलांसारख्या.
ओतीव लोखंडाची एक: तापायला वेळ, निवायला वेळ,
अगदी माझा नवरा.
पोलादाची एक: लगेच तापते, लगेच विसरते.
आणि एक दगडी कवचाची, जिची किंमत ऐकून
ग्रेनव्हिलने तिच्यावरचा हात काढून घेतला.

टॉबायस नावाचा पोरगा समजावत होता, दाढीत भुसा:
वरून गरम हवा सोडतात,
मग धूरच पेटतो, बाहेर पडायच्या आत.
हा खटका बघा, पूर्ण मिटतच नाही,
रात्रभर दाबून धुमसत ठेवता येणार नाही.
मी म्हटलं, असला एक माणसांनाही बसवा.

मग त्याने मी पिशवीतून नेलेल्या
सफरचंदाच्या ओंडक्यात दोन सुया खुपसल्या.
वीसच्या खाली हवा होतं. एकतीस निघालं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
जळतं की,
कुणाच्या तरी पोराच्या छातीत.

एकच विचारायचं होतं.
धूर अजिबात दिसणार नाही?
"अजिबात नाही," अभिमानाने म्हणाला.
मी खुर्ची शोधून बसले.
त्याला काय सांगणार,
समोरची इनिड ऑक्सली बारा हिवाळे
केटली ठेवता ठेवता माझ्या धुराड्याकडे बघते.
धूर निघाला की म्हणते, उठली बया.
नाही निघाला, तर तिच्याकडे किल्ली आहे.
आगीशिवाय धूर निघत नाही, हे तिला ठाऊक.
धुराशिवाय आग, हे तिला कोण पटवणार?

घेतली. पोलादाची, सगळ्यात लहान.
धुराडं झाडणारा येऊन गेला,
डोमकावळ्याचं घरटं काढलं,
आणि एका बादलीतून
माझे बत्तीस हिवाळे घेऊन गेला.

पहिल्या सकाळी ओंडके खाली, काड्या वर.
वरून पेटवायचं म्हणे, मेणबत्तीसारखं.
काच लख्ख, आग इतकी उघडी
की बघायला संकोच वाटला.
पावणेआठला दारात किल्ली फिरली.
इनिड, कोटाखाली गाऊन, एकाच पायात चप्पल.
मला टोस्ट खाताना बघून भडकली:
"जिवंत आहेस तर सांगायचं नाही का!"

मग फोन ठरला. दोनदा वाजवायचा, उचलायचा नाही.
तीनदा मी विसरले, एकदा ती.

जानेवारीत, दगड फुटावा अशा थंडीत,
तिचाच फोन आला आणि वाजतच राहिला.
उचलला.
"तुझ्या धुराड्यामागे तो वाकडा ॲन्टेना आहे ना,
तो हलतोय.
वारा नाहीये, पान हलत नाहीये.
हवाच थरथरतेय त्याच्यापुढे,
पाण्यातून बघावं तशी."
मी म्हटलं, मग?
"मग काही नाही," म्हणाली.
"चहा निवतोय माझा."