कानात कापूस

सिस्टर बेनीतांचा कागद आला:
डिसेंबर, दुसरा आठवडा, बालवर्ग,
हाताने करायच्या गोष्टी.
चांदणी कापणे. मातीचा गोठा. कापसाचा बर्फ.
खाली सही, आणि सहीच्याही खाली
'कात्र्या बोथट आहेत ना, बघून घेणे.'

खानापुरात माती मागायला लाज वाटत नाही.
यल्लेशचे आजोबा कौलांच्या कारखान्यातून सुटले
तेव्हा हात तेवढे घेऊन घरी आले होते.
सोमवारी ओल्या गोणपाटात गोळा आला,
लाल, मळून मळून लोण्याला टेकलेला.
'पोरांनी खाल्ली तरी चालंल,' असा निरोप.
दोघांनी खाल्ली.

चांदणीला पाच कोपरे.
मी म्हणते एक, दोन,
मागच्या चटईवर ओंदु, एरडु,
तीनपाशी सगळे एकमेकांत अडकले
आणि इनासच्या चांदणीला सात कोपरे झाले.
पुन्हा मोजले. सातच.
तीच खिडकीत टांगली,
बाकीच्या सगळ्या एका अंगाला कलत होत्या.

मग बर्फ.
बर्फ आमच्यात कुणी पाहिलेला नाही, मीही नाही.
आइसकांडीवाल्याच्या पेटीतला पाहिलाय,
पण तो वरून पडला तर
'टेंगूळ येईल की, बाई.'
तरी मूठ मूठ कापूस वाटला, डिंकाची वाटी ठेवली,
आणि कौसरचं नाक पुसायला
फक्त एकदा पाठ फिरवली.

वळून बघते तर छप्पर कोरडं.
मरियेच्या दोन्ही कानांत कापूस.
डोक्याला शामलाचा रुमाल,
हनुवटीखाली गाठ, चांगली घट्ट.
बाजेखाली बाटलीचं बूच,
बुचात लाल खडूचे तुकडे.
'हे काय रे?'
'शेगडी.'
'कशाला?'
यल्लेशने माझ्याकडे पाहिलं,
मोठी माणसं लहान मुलांकडे पाहतात तसं.
'बाळंतीण हाय की. वारं लागंल.'

त्याच्या घरी नऊ दिवसांची बहीण आहे,
हे मला हजेरीपटावरून कळलं नसतं.

मेंढपाळ दाराबाहेरच उभे केले होते.
पाय धुतल्याशिवाय आत नाही.
एकाची काठी मोडली होती,
ती त्याच्या हातातच मोडलेली ठेवली.
बाळ सगळ्यांत शेवटी झालं, कौसरने केलं,
आईपेक्षा थोरलं.

शुक्रवारी सिस्टर आल्या.
मी कागद हातात धरून उभी,
गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखी.
त्या वाकून बघत राहिल्या, बराच वेळ,
मग पोरांच्या इवल्या खुर्चीत बसल्या
आणि राजांची गोष्ट सांगू लागल्या:
तिघे, लांबचे, उशिरा पोचले,
बाराव्या दिवसाच्या सुमाराला.
'म्हणजे बारशाला,' शामला म्हणाली.

सिस्टर थांबल्या. त्यांनी असा हिशेब कधी केला नसावा.
'आणलं काय त्यांनी?'
सोनं.
'बाळलेणं.'
ऊद.
'धुरीला.'
आणि गंधरस.
इथे वर्ग गप्प.
'झाडाचा चीक असतो एक,' सिस्टर म्हणाल्या,
आणि पुढे त्यांनाही येईना.

दारात दुधाची किटली घेऊन गंगव्वा उभी होती,
जूनपासून माझ्याशी मराठीत चार शब्द न बोललेली.
ती म्हणाली, 'रक्तबोळ.'
मग माझ्याकडे बघून, हळू,
'हिराबोळ. बाळंतिणीला देतात की.'

राजे शहाणे होते म्हणतात.
असतील.
मला वाटतं, निघताना त्यांना
घरातल्या कुठल्यातरी बाईने
यादी करून दिली होती.

संध्याकाळी अहवाल लिहिला:
चांदणी, झाली.
गोठा, झाला.
बर्फ, झाला नाही.
कापूस संपला.