पंचमीची पाऊणपट

पहिल्या खेपेला मी शनिवार धरला, सकाळचे अकरा.
चाळीस स्लाइड, दोन लॅपटॉप,
पाठीमागे भिंतीला इस्त्री केलेली चादर.
तिघं आली. त्यातली एक मीच,
दुसऱ्या फोनवरून, आवाज जातोय का बघायला.

अकराला ओहोटी होती.
बायका गुडघाभर चिखलात उभ्या,
खडकावरची कालवं कोयत्याने उचकटत,
आणि माझी लिंक त्यांच्या कमरेला
प्लास्टिकच्या पिशवीत थरथरत होती.

संध्याकाळी शेवंती कोळंबकरचा फोन आला.
"बाय, घड्याळ बघू नको गो. तिथ बघ.
पाणी भरला काय आमी मोकळ्यो."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरती,
हे शाळेत नव्हतं, मालवणच्या ऑफिसातही नव्हतं.
पंचमी, म्हणून पावणेचार.
कॅलेंडरवर मी पेन्सिलीने गोल केला
आणि वरच्या साहेबांना कळवताना
फक्त तारीख लिहिली.

मग एकेकीला वेगळं जोडून पाहिलं.
हसीना मुजावरच्या चौकोनात नुसता पंखा.
"फोन उभा कर, तांदळाच्या डब्याला टेकव."
पंखा गेला, डबा आला, मग हळूच हसीना.
पास्कलीनचा फोन तिच्या मुलाकडे,
मुलगा ट्रॉलरवर, ट्रॉलर कधी येईल ते माशांवर.
तिला शेजारणीच्या चौकोनात अर्धी जागा.
मोर्व्यात रेंज एकाच ठिकाणी,
बर्फाच्या कारखान्याच्या तिसऱ्या पायरीवर;
तिथे पाचजणींची सोय, छत्री धरून.
वायरमन गावडेंना दोनदा आठवण केली.
ते दोन्ही वेळा हो म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

स्लाइड चाळीसच्या नऊ झाल्या, नऊच्या चार,
शेवटी टेबलावर उरलं
वितीवितीने भोकं पाडलेले शिंपले
आणि ओली दोरी.

पावणेचार. एकवीस चौकोन.
यतीन कोपऱ्यात बसून चॅट सांभाळतोय,
कुणाचा कोंबडा, कुणाची मिक्सरची घरघर, एकेक आवाज बंद करतोय.
मी प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजले.
दहापर्यंत मोजायचे, मध्ये बोलायचं नाही.
चारला घाम येतो. सातला कुणीतरी बोलतंच.

सव्वाचारला वीज गेली.
यतीनने फोनवरून धागा उचलला;
कुणाला कळलं नाही,
फक्त माझे केस उडायचे थांबले.

मग गाठ.
दोरी वर, वळसा, खालून, ओढ.
पुन्हा. अजून हळू, पुन्हा.
एकवीस चौकोनांत एकवीस गुंते,
आणि मला वाटायला लागलं, यांना जमत नाही.

मोर्व्याच्या पायरीवरून आवाज आला, छत्रीखालून,
जिने तोवर तोंड उघडलं नव्हतं तिचा:
"बाय, तुझो उजवो आमका डावो दिसता.
तू आमच्या सामने बसलंस.
आमच्यावांगडा बस मां."

एवढ्या तयारीत हे कुठेच नव्हतं.

मी खुर्ची फिरवली.
चौकोनांकडे पाठ करून भिंतीसमोर बसले.
यतीनने फोन माझ्या खांद्यावर धरला.
आता माझे हात त्यांचे हात होते,
आणि मला कुणीच दिसत नव्हतं.
"सगळ्यांचे माइक उघड," मी त्याला म्हटलं.

दोरीची करकर आली, बांगड्या,
एक शिवी, एक हसू,
कुणाच्या दारात भरतीचं पाणी पायरीला लागत होतं ते,
मग एकीचं "बसली गो!", मग दुसरीचं,
मग मोजता येईनात इतक्या.

अभिप्रायाचा फॉर्म तिघींनी भरला.
"प्रशिक्षण कसे वाटले?" या रकान्यात
शेवंतीने लिहिलं होतं: आवाज कमी.

दिवाळीनंतर, अवसेच्या ओहोटीला मी मोर्व्याला गेले.
खाडीत बांबूचा मांडव उघडा पडला होता,
दोऱ्यांवर कालवांची पिल्लं, नखाएवढी, खरखरीत.
मी गाठी चाचपत चिखलातून चालले.
सगळ्या सरळ. एकच उलटी,
खुर्ची फिरवायच्या आधीची, माझी.
ओढून पाहिली.
तीही धरून होती.