रोख की उधार

हर्णै बंदरातल्या बर्फ फॅक्टरीत मी रात्रपाळीचा वहीवाला.
बोट, तांडेल, लाद्या किती, रोख की उधार,
एवढे चारच रकाने.
पावणेतीनला दारात एक बाई येऊन उभी राहिली.
अंगात पुरुषी स्वेटर, पायात रबरी चप्पल.
"मी झुलेखा. इब्राहिम सारंगांची."
बोली आमचीच, पण चाळीस वर्षं जुनी,
चाचांनी जहाजात भरून नेली तशीच न वापरलेली.

चाचा रीगाला उतरले ते उतरलेच.
म्हातारपणी परतले आणि इथल्या मातीत गेले.
ही चाळिसाव्याला आली होती.
घरात झोप लागेना, म्हणाली,
बर्फाचा वास आला म्हणून चालत आले.
बर्फाला वास असतो हे मला बावीस वर्षांत
कोणी सांगितलं नव्हतं. अमोनियाला असतो.

पालथ्या टपावर बसून तिने सांगितलं, मी न विचारता.
आधी लॅटव्हिया. आंद्रिसची पाठ गेली.
मग हंगेरी, कारण बालाझ तिकडचा,
आणि या नाचात जोडीदार मिळेल तो देश आपला.
मधे दोन वर्षं कागद सुटला नाही.
दोन वर्षं रोज पहाटे पाचला
ती कुठल्याच देशासाठी नाचत नव्हती.
"तेव्हाच बरी नाचले.
बघायला बर्फ सारखा करणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, तोही पेंगत."
शेवटी अझरबैजान.
राष्ट्रगीत तळहातावर लिहून पाठ केलं.
ते वाजलंच नाही. अकरावा नंबर.

"उडी नाही मारायची. डोक्यावर नाही उचलायचं.
दोन हातांहून लांब नाही जायचं, गुण कापतात.
पात्याला कडा दोन, आतली नि बाहेरची.
कुठल्यातरी एका कडेवर कललेलं असावं लागतं.
सपाट उभी राहिलीस की पकडली गेलीस."

भारताकडून?
ती हसली. "पपांनी पत्र टाकलं होतं.
उत्तर आलं, जोडीदार आहे का?"

मला 'अल मदद' आठवली.
जयगडला विकली तेव्हा 'गजलक्ष्मी' झाली,
वेंगुर्ल्याला गेली तेव्हा 'सेंट अँथनी'.
फळ्या त्याच. भरती डाव्या अंगाला लागली की
तीनही नावांनी तशीच करकरायची.
हे तिला सांगितलं नाही.

टाकीतून डबे वर आले.
तुक्या भुवडने पाण्यात बुडवून लादी सोडवली.
तिने नखाने टकटक केली, कान लावला.
"मधे पांढरी आहे. हवा राहिलीय. पाणी उकळून घेत जा."
तुक्या म्हणाला, "सुरमईला काय कळतंय?"
तिला ते पटलं.

मग आकडा मागून घेतला.
लादी ओल्या सिमेंटवरून उताराला लागली
आणि ती तिच्यापुढे, उलट्या पावलांनी,
मागे न बघता.
डावा गुडघा मोडत नव्हता, दोनदा उघडलेला.
आकडा लावलाच नाही, नुसता हात पुढे धरलेला,
आणि लादी त्या हाताकडे येत राहिली,
अंतर वाढलं नाही, कमी झालं नाही,
थेट क्रशरच्या तोंडापर्यंत.
तिथे ती बाजूला झाली.
तुक्याने बटण दाबलं.
आवाजात ती काहीतरी बोलली, ओठ हलले तेवढे दिसले.

"ही एक पपांच्या नावाने. ज्याला उधारी झेपत नाही त्या बोटीला."
पैसे काढले. दहा-दहाच्या सुट्या नोटा
आणि त्यांत एक अनोळखी, निळसर.
ही कुठली?
"बाकूची. मनात म्हणतात याला."
काय म्हणतात?
"मनात."

सकाळी मॅनेजर वही घेऊन आला.
बोट: 'दर्यासारंग'. तांडेल: पांडू चोगले. लाद्या: एक.
चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला,
रोख नाही, उधार नाही, हे काय लिहिलंयस?
मी म्हटलं, वाचा की.
मराठीच आहे.