उतार

वायंगणीत नेटवर्क मिळतं ते विहिरीच्या कठड्यावर,
तेही उजवा पाय वर घेतला तर.
शनिवारी रात्री तिथं बसून
मी तीन ॲप उतरवली.

पहिलं हिरवं. म्हणालं, वायंगणी ते निवती,
चौदा किलोमीटर, सोपी वाट, कुटुंबासाठी योग्य.
खाली एकच फोटो : कुणाचे तरी बूट,
आणि मागचा डोंगर आमच्याकडचा नाहीच.
दुसऱ्याने आधी माझं वजन विचारलं,
मग छातीचे ठोके, मग महिन्याला तीनशे रुपये,
नकाशा फोनात ठेवायचा तर आणखी वर.
तिसरं फुकट. कुठल्या कुठल्या हौशी माणसांनी
रेघेला रेघ जोडून काढलेलं.
त्यात आमची विहीर होती!
बारीक निळा गोल, आणि त्या गोलावर मी,
एक ठिपका.
मी उगाच पदर सावरला.

वहीत तक्ता मांडला, पतपेढीतली सवय :
अंतर, चढ, उतार, पाणी, परतीची एसटी.
तिघांची अंतरं तीन.
एसटीच्या रकान्यात तिघांनाही काही सांगता येईना.
उपकेंद्रातल्या रेजिना लुद्रिकला फोनवर सगळं वाचून दाखवलं.
तिने ऐकून घेतलं, म्हणाली,
"अगो, फिराक जातंस काय कर्ज मंजूर करतंस?"

साडेआठला आम्ही खवण्याच्या खाडीशी.
हिरवी रेघ पाण्याला न विचारता
अलीकडून आत शिरत होती, पलीकडे कोरडी निघत होती.
वजनवालं म्हणालं, आपण मार्गावरून भरकटला आहात.
फुकट्याने पाण्यावर तुटक ठिपके दिले होते
आणि एक शब्द : उतार?
प्रश्नचिन्हासकट.
माझं त्याच्यावर तिथंच मन बसलं.

खडकावर जयवंती मोटकर कालवं काढत होती.
वर न बघता म्हणाली, "आज तिथ कितवी?"
माझ्या तक्त्यात तिथीचा रकाना नव्हता.
मी फोनात पंचांग शोधायला लागले,
तोवर तिने खडकावरची ओली रेघ बघून सांगून टाकलं :
"अष्टमी. भांगाचा पाणी, पुरां सुकाचा नाय.
धा वाजांदेत. मगे ढोपराभर रवतला.
आणि उतार हडे नाय. थंय, तिवराच्या वायच वर."

मग बसलो.
रेजिनाने तिच्या अंगठ्याची चिघळलेली चीर बघितली,
सोमवारी उपकेंद्रात ये म्हणाली.
जयवंती "बघूया" म्हणाली, म्हणजे येणार नाही.
दीड तास आम्ही एका जागी,
आणि फोन मात्र आमची वाट रेखत राहिला.
चार पावलं सावलीला, चार पावलं परत,
नकाशावर एक गुंता पडला,
पागाचा दोर ओल्या हाताने गुंडाळावा तसा.
सरासरी वेग : ताशी शून्य पूर्णांक सहा.

दहा वाजता पाणी ढोपराभर. तिवराच्या वायच वर.
चपला हातात, फोन रेजिनाच्या डोक्यावरच्या पिशवीत.
पायाखाली वाळू, मग चिखल, मग अचानक थंड काहीतरी,
मग वाळू.
निवतीला पोचलो तेव्हा एसटी गेलेली.

रात्री पुन्हा कठड्यावर.
हिरव्याने विचारलं, कशी वाटली वाट, तारे द्या.
त्याला पुसून टाकलं.
फुकट्याने विचारलं, इथली माहिती दुरुस्त करता का?
त्या ठिपक्यांवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.
उतार तिवराच्या वर आहे हे मला आता माहीत होतं.
पण तो खडकही मला माहीत होता, त्यावरची कालवं,
आणि रेघ ठळक झाली की त्या फोटोतले बूट
कुठून कुठे येतील, तेही.

ठिपके हलवले नाहीत.
प्रश्नचिन्ह ठेवलं.
त्याच्यापुढे दोन शब्द लिहिले : तिथी विचारा.
आणि पाठव दाबलं.

छोटं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं.
उजवा पाय बधिर झाला होता.
खाली घेतला.